शिकणारे राउटर : नेटवर्कमध्ये डेटाची वाट कशी ठरते?

आपण मोबाइलवरून फोटो पाठवतो, तो अखंड जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेतली राउटर नावाची यंत्रं प्रत्येक पॅकेट पुढे कोणाकडे द्यायचं ते ठरवतात. यालाच राउटिंग म्हणतात.

साधा नियम म्हणजे सर्वांत जवळची वाट. पण सगळेच त्या वाटेने निघाले तर ती तुंबणारच.

जुना अनुभव

इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट 1969 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. 1979 पासून तिथले राउटर प्रत्येक लाइनवर होणारा उशीर मोजून वाट निवडू लागले. मात्र गर्दी वाढली की गडबड व्हायची. एखादी लाइन मोकळी दिसली की सगळे एकदम तिकडे वळायचे, ती तुंबली की पुन्हा माघारी! 1987 मध्ये मोजमापाचा नियम बदलून हे हेलकावे कमी केले गेले.

अनुभवातून शिकणं

1993 मध्ये जस्टिन बोयान आणि मायकेल लिटमन यांनी 'क्यू-राउटिंग' मांडलं. यात संपूर्ण नकाशा लागत नाही. प्रत्येक राउटर शेजाऱ्याला विचारून आपला अंदाज सुधारतो.

उदाहरण घेऊ. 'अ'चा अंदाज असा, की 'ब'मार्गे 20 मिलिसेकंद लागतील आणि 'क'मार्गे 23. म्हणून तो पॅकेट 'ब'कडे देतो. तिथे पोहोचायलाच 5 लागतात आणि 'ब' सांगतो, "इथून पुढे 25." म्हणजे एकूण 30. 'अ' लगेच 30 धरत नाही. फरकाच्या निम्मी दुरुस्ती करून 20 चे 25 करतो. आता 'क' बरा, म्हणून पुढचं पॅकेट तिकडे.

36 राउटरच्या नमुना नेटवर्कवर ही पद्धत संगणकावर तपासली गेली. गर्दी कमी असताना ती जवळच्या वाटेइतकीच चालली, गर्दी वाढल्यावर सरस ठरली.

उणीव कुठे?

सोडलेली वाट नंतर मोकळी झाली, तरी 'अ'ला ते कळत नाही, कारण तो तिकडे काही पाठवतच नाही. जुना वाईट अनुभव तसाच राहतो. म्हणून नंतरच्या सुधारणांमध्ये सोडलेल्या वाटाही अधूनमधून तपासल्या जाऊ लागल्या.

आपल्या घरातल्या मुलांनी वरचं गणित वहीत करून बघावं. 'शिकणारी यंत्रं' म्हणजे जादू नव्हे. अंदाज, अनुभव आणि दुरुस्ती, एवढाच त्यांचा पाया आहे.