कावसजीचे पंचवीस दिवस

गेले कित्येक महिने लिहीन लिहीन म्हणत होते, पण धीर होत नव्हता. कारण हे वाचणाऱ्यांत निम्मी आमची नातेवाईक मंडळी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना मी एक खोटं सांगितलं होतं. "नाकाचं हाड वाढलंय, श्वास घ्यायला त्रास होतो, म्हणून ऑपरेशन." तर मंडळी, हाड-बिड काही वाढलं नव्हतं. श्वास अगदी छान चालला होता. मला माझं नाक आवडत नव्हतं, एवढंच. बाजूने फोटो काढला की मधला उंचवटा दिसायचा, तो पंधराव्या वर्षापासून डाचत होता. पैसे साठवले आणि करून घेतलं.

झालं सांगून! आता पुढचं लिहायला सोपं.

पण हा लेख माझ्या नाकाबद्दल नाही. म्हणजे थोडासा आहे. मुख्यतः तो कावसजी नावाच्या एका माणसाबद्दल आहे, ज्याचं नाक सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्याजवळ नव्याने बसवलं गेलं. त्याची माझी गाठ पडली ती पूर्णगडला, आईकडे, नाकावर पट्टी घेऊन पडले होते तेव्हा.

ऑपरेशन शहरात झालं. तिसऱ्या दिवशी मी पावसमार्गे पूर्णगडला आले. विश्रांतीला याहून चांगली जागा नाही असं मला वाटलं होतं. एका बाजूला मुचकुंदीची खाडी, समोर समुद्र, टेकाडावर तो इवलासा किल्ला आणि दारात प्रश्न विचारणारं फारसं कुणी नाही. (हा शेवटचा अंदाज साफ चुकला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू विचारून गेल्या, "काय गो, पडलीस की काय कुठे?" डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना काळंनिळं झालं होतं, त्यांचा तरी काय दोष!)

हॉस्पिटलने एक कागद दिला होता. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा, कुशीवर वळू नका. नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंका. ऊन टाळा. सहा आठवडे चष्मा लावू नका. सूज उतरायला वेळ लागेल. बस, एवढंच. चौथ्या दिवशी एका नाकपुडीतून पाणचट रक्त यायला लागलं आणि मी घाबरले. कागदावरचा नंबर फिरवला, कुणी उचलला नाही. फोटो काढून पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, "नॉर्मल आहे मॅडम, बुधवारी दाखवायला या." ते खरोखरच नॉर्मल होतं. पण ती मधली रात्र कशी गेली ते माझं मला ठाऊक.

त्या रात्री झोप येईना, म्हणून फोनवर अक्षरं मोठी करून (चष्मा नव्हता ना!) नाकाच्या ऑपरेशननंतर काय काय होतं ते शोधत बसले. आणि तिथे कावसजी भेटला.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त 'बी. एल.' अशी. पत्रातली हकीकत अशी. कावसजी हा इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा मराठा शेतकरी. (नाव पारशी वाटतं खरं, पण पत्रात त्याला मराठाच म्हटलंय.) १७९२ साली टिपूबरोबरच्या लढाईत तो पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिली. वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. असं ऑपरेशन मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी, स्वतः पाहिलं होतं. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचं चित्र काढलं. हा तोच वेल्स, ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं काढली. चित्र काढलं तेव्हा ऑपरेशनला दहा महिने झाले होते, म्हणजे ते मार्च १७९३ च्या आसपासचं.

पद्धत वाचताना माझं नाक आपोआप ठणकायला लागलं. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचं उरलेल्या खुंटावर नाक घडवायचं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, कारण नवी जागा धरेपर्यंत रक्त तिच्यातूनच येणार. मग ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवायची आणि खुंटाभोवती केलेल्या चिरेत बसवायची. भूल नाही, काही नाही. क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकांत कुठे ना कुठे येतंच. 'प्लास्टिक सर्जरी भारताने जगाला दिली' या वाक्याखाली आपण ते वाचतो, अभिमानाने छाती फुगवतो आणि पान उलटतो. माझी नजर मात्र त्या रात्री नेमकी त्याच्या पुढच्या ओळींवर अडकली. ऑपरेशन झालं, मग पुढे काय केलं?

पत्रात तेही आहे, अगदी दिवसांसकट. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर बसवायच्या. कात म्हणजे आपण पानात घालतो तोच, खैराचा. आपल्या कोकणात खैराला तोटा नाही. कात तुरट, वाळला की घट्ट धरतो. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तो काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या मिटणार नाहीत. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती भुवयांमधली पट्टी कापायची, मग थोडी डागडुजी.

चौथा दिवस, दहावा दिवस, पंचविसावा दिवस. मी मोजत राहिले. म्हणजे तो विटा पाडणारा माणूस कावसजीला पंचवीस दिवस पाहत होता, निदान त्या त्या दिवशी तरी. 'बुधवारी दाखवायला या' म्हणून त्याचं भागणार नव्हतं.

आणि मग एकदम लक्षात आलं, कावसजीला हात एकच होता! उताणं पडलेला, एक हात गेलेला, नाकाने श्वास घेता येत नसणार. त्याला पाणी कुणी पाजलं? तुपाची फडकी कुणी बदलली? शेजारच्या खोलीत आई घोरत होती. संध्याकाळी तिने मला पेज भरवली होती, कारण मान खाली केली की रक्त येईल अशी मला भीती वाटत होती. दोन्ही हात धड असून मी लहान मुलासारखी भरवून घेत होते. कावसजीजवळही कुणीतरी असणारच. आई, बायको, भाऊ, फौजेतला सोबती, नाहीतर त्या वीटवाल्याच्या घरातलं कुणी. रोग्याचं नाव नोंदलं गेलं, पाहणाऱ्या डॉक्टरांचं नोंदलं गेलं, चित्रकाराचंही. नाक करणाऱ्याचं नाव पत्रात नाही आणि पेज भरवणाऱ्याचं तर नाहीच नाही.

याहून मागे गेलं की सुश्रुत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याची कृती आहे. तिथे कातडी गालाची घेतलीय आणि माप झाडाच्या पानाने. नंतरची काळजी तिथेही सांगितलीय: नाकपुड्यांत दोन नळ्या घालाव्या, वर ज्येष्ठमध वगैरेची पूड भुरभुरावी, कापसाने झाकून तिळाचं तेल शिंपत राहावं, रोग्याला तूप प्यायला द्यावं. आणि पुढे एकोणिसावा अध्याय तर सगळा जखम झालेल्या माणसाची देखभाल कशी करावी यावरच आहे! खोली स्वच्छ हवी, वारा-ऊन लागायला नको. दिवसा झोपू नये. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की जिवलग माणसांनी जवळ बसून गोड गोष्टी सांगाव्या, त्याने जखमेची वेदना हलकी होते. औषधांच्या बरोबरीने हे लिहून ठेवलंय.

त्याच अध्यायात काय खाऊ नये याची यादी आहे आणि तिच्यात कुळीथ आहेत. हे मी सकाळी आईला वाचून दाखवलं. ती चुलीशी नेमकं कुळथाचं पिठलंच ढवळत होती. "सुश्रुताला म्हणावं, पूर्णगडला येऊन एकदा खाऊन बघ," म्हणाली आणि ढवळत राहिली. :) हसू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते विचारू नका.

कावसजीच्या पत्राचा पुढचा प्रवास बहुतेकांना माहीत असेल. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ते वाचून प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सीच्या लष्करी इस्पितळात एका अधिकाऱ्यावर हेच ऑपरेशन केलं. १८१६ मध्ये दोन यशस्वी ऑपरेशनांची हकीकत पुस्तकरूपाने छापली. मग जर्मनीत फोन ग्रेफेने १८१८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या कातडीची ती युक्ती आजही चालते, विशेषतः कॅन्सरमुळे नाकाचा भाग काढावा लागतो तेव्हा. आणि ती जोडपट्टी आजही तीन आठवड्यांच्या आसपासच कापतात. वीटवाल्याच्या हिशेबात फारसा फरक पडलेला नाही.

आता माझ्या मनात काय खुपत होतं ते सांगते. रात्री फोन कुणी उचलत नव्हतं तेव्हा रागापेक्षा शरम जास्त वाटत होती. आपण हौसेने करून घेतलंय, मग तक्रार कसली? अपेंडिक्स असतं तर हक्काने आरडाओरडा केला असता. सातव्या दिवशी नाकावरची पट्टी निघाली आणि आरशात सुजलेली, पिवळीनिळी, अनोळखी बाई दिसली तेव्हा तर खूप रडले. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सगळ्यांना 'हाड' सांगितलेलं!

कावसजीची आणि माझी तुलना होऊ शकत नाही, एवढं कळतं मला. त्याचं नाक सुऱ्याने गेलं, माझ्या नाकावर फक्त एक उंचवटा होता. आपल्याकडे 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली. त्याचं तर खरोखरच कापलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. पण एक गोष्ट खरी की जगायला त्यालाही ते ऑपरेशन लागत नव्हतं. वर्षभर तो तसाच जगला होता, पेन्शनही होती. तरी त्याने भूल नसताना कपाळ सोलून घेतलं, ते चारचौघांत चेहरा दाखवता यावा म्हणून. त्याला कुणी 'हौस' म्हणालं असेल का? म्हणालं असलं तरी त्या वीटवाल्याने पंचवीस दिवसांतला एकही दिवस कमी केला नाही. जखमेला कुठे कळतं ती गरजेची की हौसेची! ती सारख्याच दिवसांत भरते आणि तिला सारखंच कुणीतरी जवळ लागतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आई मला किल्ल्यावर घेऊन गेली. चष्मा नाकावर टेकायचा नाही म्हणून तिने तो दोऱ्याने बांधून चिकटपट्टीने कपाळाला चिकटवून दिला होता. अशा अवतारात मी मारुतीच्या पाया पडले आणि आत जाऊन समुद्राकडच्या दरवाज्याशी बसलो. कावसजीची गोष्ट मी तिला सगळी सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हाड-बिड काही नव्हतं ना गो?"

मी म्हटलं, नाही.

"ठाऊक होतं मला. तुझ्या नाकातून घुरघुर कधी ऐकली नाही मी." मग थोड्या वेळाने, "तुझ्या आजीचं नाक होतं ते."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. नाक आता बरं आहे, सूज उतरलीय, मला ते आवडतं. पण आजीचा फोटो बाजूने काढलेला एकच आहे, तो मी हल्ली जास्त वेळा पाहते.

असो. आत्या, मावशी, काका, खोटं बोलल्याबद्दल माफ करा. आणि तुमच्यापैकी कुणी कधी असं काही करून घेणार असेल, तर डॉक्टर नीट निवडाच, पण त्याआधी एक विचारून घ्या: चौथ्या दिवशी रात्री फोन कोण उचलणार? उत्तर मिळालं नाही तर पूर्णगडला या. आई आहे.