इंग्रजीतील जहाजी वाक्प्रचार

शिडाच्या जहाजांवरील कामकाजातून रोजच्या इंग्रजीत अनेक वाक्प्रचार आले. शिकणारे ते बहुधा नुसते पाठ करतात. दोर, शीड आणि वारा यांचे नाते कळले, तर पाठांतराची गरजच उरत नाही.

'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारूने झिंगलेला. येथे शीट म्हणजे शीड नव्हे, तर शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे दोर सुटले की शिडे फडफडू लागतात आणि जहाज झोकांड्या खाते. वारा अचानक समोरून येऊन शिडे डोलकाठीवर उलटी दाबली गेली, की जहाज 'टेकन अबॅक' होई. आज चकित झालेल्या माणसाला तसे म्हणतात. 'बिटर एंड' म्हणजे अगदी अखेरपर्यंत. नांगराचा दोर ज्या खुंटांना गुंडाळत, त्यांच्या आतल्या बाजूला जहाजावर राहणारे टोक ते हे. कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या १६२७ च्या 'अ सी ग्रामर'मध्ये त्याची नोंद आहे. पुढे 'कडू' या अर्थाच्या शब्दाचीही छटा त्यात मिसळली असावी.

'टर्न अ ब्लाइंड आय' (जाणूनबुजून काणाडोळा करणे) हा प्रयोग ब्रिटिश नौदल अधिकारी नेल्सनच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. १७९४ मध्ये कॉर्सिकातील काल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ ॲडमिरल हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याचा ३९ क्रमांकाचा संकेत चढवला. तेव्हा नेल्सनने दुर्बीण त्या डोळ्याला लावली आणि 'मला संकेत दिसत नाही' असे म्हटले, अशी कथा आहे. त्याने लढाई चालूच ठेवली, हे निश्चित. रॉबर्ट साउदीच्या १८१३ च्या चरित्राने ही कथा घरोघरी पोचवली. दुर्बिणीच्या तपशिलाबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय हा शब्दप्रयोग लढाईच्या शतकभर आधीच्या इंग्रजीतही सापडतो.

सागरी व्युत्पत्ती रंजक असल्याने नको तेथेही चिकटवल्या जातात. गुपित फोडण्यासाठी वापरला जाणारा 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' नौदलातील 'कॅट' नावाच्या नऊपदरी चाबकावरून आला, असे सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. इंग्लंड-मुंबई प्रवासात सावलीच्या बाजूच्या खोल्या घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटांवरील आद्याक्षरांतून 'पॉश' शब्द बनला, ही कथाही अशीच. तसे एकही तिकीट पुढे आलेले नाही.

'पाइप डाउन' म्हणजे गप्प बसा. त्याचे मूळ मात्र खरोखर जहाजावरचे: खलाशांना खाली पाठवणारी शिट्टी.