वेताच्या खुर्चीपासून संगणकापर्यंत : दृष्टिहीनांचे व्यवसाय-प्रशिक्षण

नोकरी करणाऱ्या चाळिशी-पंचेचाळिशीतील माणसाची दृष्टी काचबिंदूने किंवा मधुमेहामुळे जाऊ लागली, की घरात लवकरच राजीनाम्याचा विषय निघतो. गेलेली दृष्टी परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. कार्यालयातील फायली वाचता येत नसतात, रस्ता ओलांडण्याची धास्ती वाटत असते. 'आता घरीच बसा, आम्ही आहोत ना' हे कुटुंबीयांचे शब्द प्रेमाचेच असतात. परंतु दृष्टीबरोबर काम करण्याची क्षमताही गेली, असे त्यामागचे गृहीतक असते. अंधांच्या प्रशिक्षणाचा शतकभराचा इतिहास हे गृहीतक खोटे ठरवणारा आहे. दृष्टी जाणे आणि कामावर परतणे यांच्यामध्ये प्रशिक्षणाचा एक टप्पा असतो. त्या टप्प्यात काय शिकायचे, ते कोठे शिकायचे आणि तोपर्यंत हातातील नोकरी कायदा कशी राखतो, ही माहिती वेळेवर न मिळाल्याने अनेकांचे न भरून येणारे नुकसान होते.

अंध कोणाला म्हणावे?

'अंध' म्हणजे ज्याला काहीच दिसत नाही असा मनुष्य, ही सर्वसाधारण समजूत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील व्याख्या याहून व्यापक आहे. चष्मा वगैरे सर्व उपाय करूनही दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती कायद्याने अंध ठरते. निकोप डोळ्याला ६० मीटरवरून जे अक्षर ओळखता येते, त्यासाठी ३ मीटरवर यावे लागणे, असा ३/६० या आकड्याचा अर्थ. ६/१८ पासून ३/६० पर्यंतची दृष्टी, किंवा ४० ते १० अंशांपर्यंत आकसलेले दृष्टिक्षेत्र, याला 'अल्पदृष्टी' म्हणतात.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. अल्पदृष्टी असलेल्या पुष्कळ व्यक्तींना योग्य भिंग, टेबलावरचा योग्य कोनातील प्रकाश, ठळक मोठी अक्षरे आणि संगणकाच्या पडद्यावरील गडद-फिकट रंगांची अदलाबदल एवढ्या साधनांवर वाचन-लेखन चालू ठेवता येते. त्यांचे प्रशिक्षण उरलेल्या दृष्टीचा कुशलतेने उपयोग करण्याचे असते. म्हणूनच पहिली पायरी नेत्रतज्ज्ञाची. मोतीबिंदूमुळे आलेले अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही, उरलेली राखता येते. २०११च्या जनगणनेत देशातील ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद दृष्टिदोषाच्या गटात झाली होती.

वेतकाम, विणकाम आणि टेलिफोन

भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे अ‍ॅनी शार्प या मिशनरी महिलेने सुरू केली. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड यांनी शाळा काढली; आज दादर येथे असलेली अंध मुलींची शाळा ती हीच. त्यापाठोपाठ १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. अक्षरओळखीइतकेच हातांना काम देणे हे त्या काळच्या अंधशाळांचे उद्दिष्ट असे. खुर्च्यांना वेत विणणे, हातमाग, टोपल्या, संगीत हे ठरलेले विषय असत.

प्रौढांच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे 'सेंट डन्स्टन्स' वसतिगृह सुरू झाले. त्याचे प्रमुख सर क्लुथा मॅकेन्झी यांनी स्वतः १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावली होती. धडधाकट, कमावता माणूस अचानक अंध झाला तर त्याला पुन्हा कमावता कसा करायचा, हा प्रश्न येथे ठळकपणे पुढे आला. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५० मध्ये या ठिकाणी प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान 'भारती ब्रेल' स्वीकारण्यात आली आणि डेहराडूनलाच ब्रेल मुद्रणालय निघाले. हेच केंद्र पुढे विस्तारत जाऊन आज राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था या नावाने ओळखले जाते.

महाराष्ट्रात १९५२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. मुंबईत 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' म्हणजेच 'नॅब' आणि पुण्यात 'पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन' या संस्था त्याच वर्षी स्थापन झाल्या. विख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी 'नॅब'च्या कार्याला मोठे पाठबळ दिले. जोगेश्वरी येथील एम. एन. बनाजी औद्योगिक गृहासारख्या ठिकाणी अंध कामगारांसाठी कामाची आणि निवासाची सोय उभी राहिली. ग्रामीण अंधांना शेतीकाम शिकवण्यासाठी गुजरातेत फणसा येथे टाटांच्या नावाचे केंद्र निघाले. कारखान्यांतील जुळणी, वेष्टन, ठरावीक मापाचे छिद्र पाडणे अशी स्पर्शाने करता येणारी कामे अंध कामगार यशस्वीपणे करू लागले. बँका आणि सरकारी कार्यालयांत टेलिफोन ऑपरेटर ही तर अंधांची हक्काची जागाच झाली.

हे व्यवसाय टिकले नाहीत, यात त्या कामगारांचा दोष नव्हता. घराघरांत प्लास्टिकची खुर्ची आली आणि वेतकाम मागे पडले. टेलिफोनचे बोर्ड स्वयंचलित झाले. अनेक अंध व्यक्तींचा आधार झालेले पीसीओचे बूथ मोबाइलच्या प्रसारानंतर एकामागून एक बंद पडले. या अनुभवातून एक धडा मिळतो. शिकवलेला धंदा कालबाह्य होऊ शकतो. परंतु स्वतंत्रपणे चालणे आणि स्वतंत्रपणे वाचणे ही कौशल्ये कोणत्याही धंद्यात उपयोगी पडतात. चांगले प्रशिक्षण त्यामुळेच या दोहोंपासून सुरू होते.

आधी चालणे

पांढऱ्या काठीचा उपयोग केवळ इतरांना सूचना देण्यासाठी नसतो. लांब काठीचे आजचे तंत्र अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धातील अंध सैनिकांना शिकवताना विकसित केले. काठी साधारणतः छातीच्या मध्यापर्यंत पोहोचेल एवढी लांब असते. तिचे टोक शरीराच्या रुंदीइतके डावीकडून उजवीकडे फिरवले जाते. उजवे पाऊल पुढे पडत असताना टोक डावीकडे असते, म्हणजे पुढचे डावे पाऊल जेथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. काठीचा आवाज, पायाखालच्या जमिनीचा पोत, वाहनांच्या आवाजाची दिशा यांवरून रस्त्याचा नकाशा मनात तयार करणे हा या शिक्षणाचा पुढचा भाग. प्रशिक्षित शिक्षकाबरोबर, घराच्या परिसरापासून कार्यालयापर्यंतच्या वाटेवर, टप्प्याटप्प्याने हा सराव करावा लागतो.

सोबत चालणाऱ्यांनीही एक गोष्ट शिकायला हवी. अंध व्यक्तीला दंडाला धरून पुढे ढकलू नये. आपल्या कोपराच्या वरचा भाग तिच्या हाती द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. आपल्या शरीराच्या हालचालीवरून तिला पायरी, वळण, थांबा आधीच कळतात.

याच काळात दैनंदिन कामांचेही शिक्षण घ्यावे लागते. कपड्यांचे रंग ओळखण्यासाठी खुणा करणे, गॅसजवळ सुरक्षितपणे वावरणे, प्रत्येक वस्तूची जागा ठरवणे या त्यातील काही गोष्टी. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मणी' हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध करून दिले. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर आदी सुविधा नाकारू नयेत, असे निर्देश बँकांना २००८ मध्येच देण्यात आले आहेत.

मग वाचणे

सहा टिंबांच्या ६३ रचनांवर उभी असलेली ब्रेल लिपी आजही अंध विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा पाया आहे. शुद्धलेखन, गणित, संगीत यांसाठी तिला खरा पर्याय नाही. प्रौढ वयात, विशेषतः मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावलेल्यांना, ब्रेलवर वेगाने वाचणे कठीण जाते. अशांनी औषधांच्या बाटल्या, डबे, फायली यांवरील खुणांपुरती ब्रेल शिकून मुख्य वाचन संगणकावर करणे सोयीचे ठरते.

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या 'स्क्रीन रीडर' या प्रणालीने अंधांच्या रोजगाराचे चित्र पालटले. त्यांपैकी 'एनव्हीडीए' ही प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी सुरू केली. ती विनामूल्य असून मराठी मजकूरही वाचते. स्मार्टफोनमध्ये अशी सोय मुळातच असते. माऊसऐवजी कळफलकावरील संक्षिप्त कळांनी सर्व कामे करणे हा या प्रशिक्षणाचा गाभा होय.

पुस्तकांच्या बाबतीत कायद्यानेही वाट मोकळी केली. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपातील प्रती तयार करण्यास स्वामित्वहक्काच्या कायद्यात मुभा मिळाली. याच विषयावरील माराकेश करारास २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र कार्यरत आहे.

कोणती कामे?

आज अंध व्यक्ती बँकांत, सरकारी कार्यालयांत, शाळा-महाविद्यालयांत, वकिलीत, ग्राहकसेवेत आणि संगणक क्षेत्रात काम करताना दिसतात. स्वतंत्र उद्योगाची उदाहरणेही आहेत. महाबळेश्वर येथे भावेश भाटिया या दृष्टिहीन उद्योजकाने हातगाडीवर मेणबत्त्या विकण्यापासून सुरुवात करून अनेक अंधांना काम देणारा व्यवसाय उभा केला. मेणबत्त्या हा अंधशाळांतील जुनाच विषय. फरक पडला तो विक्री आणि व्यवहार स्वतःच्या हाती घेतल्याने.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचा अनुभव दुसऱ्या अंगाने बोलका आहे. लहानपणी दृष्टी गमावलेल्या प्रांजल यांनी स्क्रीन रीडरच्या मदतीने अभ्यास केला. २०१६ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही रेल्वेच्या सेवेत त्यांना अंधत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यात आला. पुढील प्रयत्नात वरचा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. अडथळा पात्रतेचा नव्हता, नेमणूक करणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीचा होता.

कायद्याचा आधार

२०१६ च्या कायद्याचे कलम २० प्रत्येक कर्मचाऱ्याने माहीत करून घ्यावे असे आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेस कामावरून काढता येत नाही, त्याची पदावनतीही करता येत नाही. मूळ पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याला घ्यावे लागते. तेही शक्य नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. महापालिका, सरकारी कंपन्या, राष्ट्रीयीकृत बँका आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांनाही हे बंधन लागू आहे. १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. मात्र ज्याने स्वतःहून राजीनामा दिला, त्याला या संरक्षणाचा लाभ मिळवणे अवघड होऊन बसते. खासगी आस्थापनांवर एवढे कडक बंधन नसले तरी समान संधीचे धोरण जाहीर करणे त्यांनाही आवश्यक आहे.

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण असून त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळतो. दृष्टिहीनांना केवळ दृष्टी नाही म्हणून न्यायिक सेवेच्या भरतीतून वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी दिला.

सुरुवात कोठून करावी?

नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. अर्ज 'स्वावलंबन कार्ड'च्या संकेतस्थळावर करता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. एकाच डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा निकोप असला, तर ते ३० टक्के धरले जाते.

त्यानंतर 'नॅब'च्या जवळच्या शाखेशी संपर्क साधून चालण्याचे आणि संगणकाचे प्रशिक्षण सुरू करावे. कोणते काम जमेल याचे मूल्यमापन आणि रोजगारासाठी मार्गदर्शन मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या केंद्रात होते. १९६८ मध्ये व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणून ते सुरू झाले. काठी, ब्रेल पाटी यांसारखी साधने केंद्र सरकारच्या 'अ‍ॅडिप' योजनेतून अल्प उत्पन्न गटाला मिळू शकतात. स्वयंरोजगारासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करावी.

कार्यालयाला लेखी पत्र देऊन दृष्टीची स्थिती कळवावी, वैद्यकीय कागद जोडावेत, प्रशिक्षणासाठी रजा मागावी आणि संगणकावर स्क्रीन रीडर बसवून देण्याची विनंती करावी. पत्राची पोचपावती जपून ठेवावी. घरच्यांनी या काळात हातचे प्रत्येक काम काढून घेण्याचा मोह टाळावा. चहा सांडला तरी तो स्वतः करू द्यावा. वीस वर्षांच्या नोकरीत मिळवलेले ज्ञान डोळ्यांबरोबर जात नाही. हिशेब तपासणारा, शिकवणारा, माणसे सांभाळणारा मनुष्य तोच असतो. त्याला काही महिने नव्याने चालायला आणि वाचायला शिकायचे असते. राजीनाम्याचा विचार करायचाच असेल, तर तो हे शिक्षण पूर्ण झाल्यानंतर करावा.