पंखा कोणाच्या ताब्यात?

लिनक्सच्या कर्नलमध्ये इंटेलच्या पीआयआयएक्स४ या जुन्या चिपसेटसाठी एक ड्रायव्हर आहे. तो सुरू होताना आधी यंत्र कोणी बनवलंय ते तपासतो. उत्तर 'आयबीएम' आलं, तर तुमची ईईप्रॉम खराब होऊ शकते असं सांगतो आणि काम करायला सरळ नकार देतो. कोड वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पण 'मला हे जमेल, तरी मी करणार नाही' असं म्हणणारा कोड फार क्वचित भेटतो. हा नकार कुठून आला ते शोधत गेलो, तर संगणकातल्या पंख्याचा अख्खा इतिहास हाती लागला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत पेंटियमसारखे प्रोसेसर इतके तापायला लागले होते, की त्यांच्या डोक्यावर पंखा असणं नेहमीचं झालं. पंखा म्हणजे फिरणारा, धूळ खाणारा, कधीतरी नक्की बंद पडणारा भाग. तेव्हा तो फिरतोय की नाही हे कळायला हवं. नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम७८ ही चिप नेमकी यासाठी होती. सात व्होल्टेज, तीन पंखे आणि एक तापमान यांवर ती नजर ठेवायची. १९९८च्या सुमारास अलेक्झांडर लार्सन यांनी तिच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. फ्रोडो लोयार्ड आणि फिलिप एडलब्रॉक यांनी पुढे तो विषय मोठा केला, आणि त्यातून 'एलएम-सेन्सर्स' हा प्रकल्प उभा राहिला.

पंख्याचा वेग मोजायचा म्हणजे काय, हे जरा तपशिलात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड अशाच तपशिलांत आहे. पंख्याची तिसरी तार एका फेरीत साधारण दोन ठोके देते. एलएम७८ ठोके मोजत नाही. एका फेरीला किती वेळ लागला ते मोजते. आत २२.५ किलोहर्ट्झचं घड्याळ आणि आठ बिटांचा काउंटर. १३,५०,००० या आकड्याला काउंट आणि 'डिव्हायजर' यांच्या गुणाकाराने भागलं, की मिनिटाला किती फेरे ते मिळतं. आता आठ बिटांत २५५च्या पुढे मोजता येत नाही. डिव्हायजर २ ठेवला, तर सुमारे २,६५० फेऱ्यांपेक्षा हळू फिरणारा पंखा या चिपला दिसतच नाही. छान, शांत, १,२०० फेऱ्यांनी फिरणारा पंखा पडद्यावर 'शून्य' म्हणून उमटतो. डिव्हायजर ८ केला की तोच पंखा पुन्हा जिवंत.

व्होल्टेजचंही तसंच. ही चिप चार व्होल्टपर्यंतच मोजू शकते, त्यामुळे १२ व्होल्टची तार रेझिस्टरमधून उतरवून तिच्यापर्यंत आणावी लागते. कुठले रेझिस्टर लावायचे हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो आणि सहसा कुणाला सांगत नाही. म्हणून पुढे अशी वाटणी पक्की झाली: कर्नलने चिपच्या पायावर दिसतं तेवढंच सांगायचं, त्याला कशाने गुणायचं ते बाहेरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. या फाइली लोकांनी अंदाजाने, मल्टिमीटर लावून, बायोसच्या पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून भरल्या. आसुसच्या एएस९९१२७एफ या चिपची तर डेटाशीटच उपलब्ध नव्हती. तिचा आधार तिच्यासारख्याच दिसणाऱ्या विनबॉंडच्या चिपवरून बेतलेला आहे.

आता त्या नकाराकडे. या चिपांपैकी बऱ्याच एसएमबसवर बसतात. फिलिप्सच्या आय२सीचा हा चुलतभाऊ: दोन तारा, आणि प्रत्येक चिपला सात बिटांचा पत्ता. गंमत अशी, की या तारांवर 'तू कोण?' असं विचारायची सोयच नाही. दार वाजवायचं, आतून हुंकार आला तर कुणीतरी आहे एवढं कळतं. मग दोन-चार रजिस्टरं वाचून ओळख पटवायची. एलएम७५ या लोकप्रिय तापमापक चिपमध्ये तर ओळख सांगणारं रजिस्टरही नाही. त्यामुळे एलएम-सेन्सर्सची शोधाशोध करणारी स्क्रिप्ट एकेका पत्त्यावर जाऊन टकटक करायची. निरुपद्रवी काम. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांत याच तारांवर ॲटमेलची २४आरएफ०८ नावाची ईईप्रॉम होती. बिनमजकुराची टकटक ही चिप लिहिण्याची सुरुवात समजायची, आणि पुढच्या वाचनात आपल्याच पोटातला मजकूर बिघडवायची. मजकुराची बेरीज जुळत नाही म्हटल्यावर लॅपटॉप सुरू व्हायला नकार द्यायचा. लोकांनी फक्त तापमान किती आहे ते विचारलं होतं, आणि बदल्यात मदरबोर्ड बदलायची वेळ आली. थिंकपॅड ही तेव्हा बरीच महाग वस्तू होती, हे लक्षात घ्या.

मला या प्रकरणातली उत्तरं आवडतात. एक उत्तर तो ठाम नकार. दुसरं त्याहून गमतीदार: त्या विशिष्ट पत्त्यांवर टकटक केल्यावर आणखी एकदा टकटक करायची, म्हणजे ती अर्धवट राहिलेली 'लिहिण्याची सुरुवात' रद्द होते. आय२सीच्या कोडमध्ये या दुसऱ्या टकटकीशेजारी एका ओळीची टिप्पणी होती. संदर्भ माहीत नसलेल्या माणसाला ती अंधश्रद्धाच वाटली असती.

वाचण्यात हा धोका, मग पंख्याचा वेग बदलण्यात किती? चार तारांच्या पंख्याला २५ किलोहर्ट्झच्या आसपास चालू-बंद होणारा संदेश देतात. तो किती वेळ 'चालू' आहे यावर वेग ठरतो. लिनक्समध्ये तो ० ते २५५ असा एक आकडा झाला. फाइलमध्ये १२८ लिहा, पंखा मवाळ. पण आयटीई कंपनीच्या चिपांवर एक खोच निघाली. काही मदरबोर्डांच्या बायोसने ध्रुवताच उलटी मांडलेली दिसे. अशा वेळी २५५ लिहिलं तर पंखा थांबू शकतो, ० लिहिलं तर सुसाट. ड्रायव्हरला मांडणी संशयास्पद वाटली, की तो वेग बदलायची सोय बंदच ठेवतो. ती जबरदस्तीने उलटवण्याचा पर्याय आहे, पण त्याच्या वर्णनात 'धोकादायक' हा शब्द ठळक मोठ्या अक्षरांत आहे.

आणखी एक हिस्सेदार आहे, तो दिसत नाही. बायोस. यातल्या अनेक चिपांशी बोलायला दोन पोर्ट असतात: एकावर रजिस्टरचा क्रमांक सांगायचा, दुसऱ्यावर किंमत लिहायची. या दोन पायऱ्यांच्या मधे बायोसचा एसीपीआय कोड येऊन स्वतःचा क्रमांक सांगून गेला, तर तुमची किंमत भलत्याच रजिस्टरमध्ये पडते. बँकेत खातेक्रमांक सांगून तुम्ही वळता, मागचा माणूस मधेच स्वतःचा सांगतो, आणि पैसे त्याच्या खात्यात. २००९च्या सुमारास कर्नलने ठरवलं, की बायोसने ज्या पोर्टांवर हक्क सांगितलाय तिथे ड्रायव्हरने जायचंच नाही. काल चालणारे सेन्सर आज गायब झाले म्हणून लोक वैतागले. आजही इंटरनेटवर ही तपासणी सैल करण्याचा उपाय सहज सापडतो, धोक्याचा उल्लेख न करता. यंत्र माझं, विकत घेतलंय मी, आणि त्यातला पंखा मात्र परवानगीशिवाय फिरवता येत नाही, ही चिडचिड मला पुरेपूर समजते. तरी मी कर्नलच्या बाजूने आहे. यंत्र मालकाचं असलं, तरी त्या दोन पायऱ्यांच्या मधे कोण आलं हे मालकालाही दिसत नाही.

आणि थिंकपॅड? त्यांच्यासाठी बोरिस्लाव डेयानोव यांनी वेगळा ड्रायव्हर लिहिला, तो पुढे एन्रिके होल्शू यांनी सांभाळला. हा ड्रायव्हर तारांवर टकटक करत नाही, यंत्राच्या स्वतःच्या नियंत्रकाशी बोलतो. पंख्याला शून्य ते सात अशा पातळ्या आहेत, आणि शून्य म्हणजे खरोखर बंद. म्हणून वेग बदलायची मुभा मुळात बंद असते, ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. वर एक पहारेकरी घड्याळ आहे. तुमच्या प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात पुन्हा हुकूम दिला नाही, म्हणजे बहुधा तो मेलाय असं धरून ड्रायव्हर पंखा स्वतःच चालू करतो. ही मुदत जास्तीत जास्त १२० सेकंद ठेवता येते. माझ्या जुन्या थिंकपॅडवर मी ती ३० ठेवली आहे. उन्हाळ्यात पुण्यात तेवढंही खूप वाटतं.