आख्यात म्हणजे काय? ‘दादर आलं’ हा भूतकाळ आहे का?

परळ सुटलं की लोकलच्या दाराशी कुणीतरी म्हणतंच, ‘चला, दादर आलं!’ गाडी अजून फलाटाला लागलेली नसते, मग ‘आलं’ कसं? शाळेच्या हिशेबाने हा भूतकाळ. व्याकरणात मात्र या रूपाला काळाशी न बांधणारं एक नाव आहे : लाख्यात, म्हणजे ल + आख्यात.

‘आख्यात’ हा शब्द संस्कृतातला. ‘ख्या’ म्हणजे सांगणे. त्याला ‘आ’ उपसर्ग लागून आख्यात, ‘सांगितलेलं’. कीर्तनाच्या उत्तररंगातलं आख्यान, व्याख्यान, विख्यात ही सगळी याच धातूची भावंडं. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे चार वर्ग आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. म्हणजे तिथे आख्यात हे क्रियापदाचंच नाव. वाक्यात काय घडतं ते तेच सांगतं, म्हणून नाव चपखल आहे.

मराठी व्याकरणात धातूला काळ किंवा अर्थ दाखवणारे प्रत्यय लागून वाक्य पुरं करणारी जी रूपं होतात, ती आख्यातं. ‘जातो’ हे आख्यात. ‘जाऊन’ नाही, कारण तिथे ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो.

नावं पडली ती प्रत्ययांवरून. ‘येतो’ हे ताख्यात, ‘रांगेत उभं राहावं’ यातलं वाख्यात, ‘येईल’ हे ईलाख्यात. ‘पाऊस थांबता, तर लालबागची मिरवणूक वेळेत निघती’ यातही त-च आहे, पण रूपं वेगळी चालतात. म्हणून ते द्वितीय ताख्यात. (स्पर्धा परीक्षेवाल्यांना इथेच घाम फुटतो.)

प्रत्ययावरून नाव देण्यात शहाणपण आहे, कारण रूप तेच राहतं आणि अर्थ सरकतो. ‘उद्या येतो’ म्हणताना वर्तमानाचं रूप भविष्य सांगतं. ई-आख्यात तर शतकांच्या प्रवासात बदललं. जुन्या मराठीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. आज ‘आजी गिरगावातून रोज चालत जाई’ म्हटलं, की ती जुनी सवय झाली. त्याच जुन्या रूपाला ‘ल’ जोडून ‘करील’ हा भविष्यकाळ घडला.

मुंबईत जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली छापलं गेलं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चं. आख्यातांचा बारकाईने विचार वाचायचा असेल, तर दामले उघडावेत. ग्रंथ जाडजूड आहे, पण उदाहरणं रोजच्या मराठीतली आहेत.