पुण्याचें नाक

नाक कापणें ही आपल्याकडे केवळ म्हण नव्हती, शिक्षाही होती. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेचा बैल हांकणारा कावसजी टिपूच्या कैदेंत सांपडून नाक व एक हात गमावून बसला. सुमारें वर्षानंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका शस्त्रवैद्यानें त्यास नवें नाक दिलें.

कातडी कोठून घ्यावी? सुश्रुतानें गालाची सांगितली, इटलीच्या तालियाकोत्सीनें दंडाची. ह्यानें कपाळाची घेतली. मेणाच्या पातळ पत्र्यानें आकार आंखला आणि कातडी भुंवयांमध्यें जोडलेलीच ठेवून खालीं वळविली. त्या दुव्यांतून रक्त पोहोंचत राहिलें. सुमारें पंचवीस दिवसांनीं दुवा छेदला.

१७९४ त लंडनच्या मासिकांत हा वृत्तान्त आला. १८१४ त तेथें कार्प्यूनें हीच रीत यशस्वी केली.

मालवणास मुलांना मीं कार्प्यूचें नांव शिकविलें. वृत्तान्तांत रोग्याचेंही नांव आहे. नाक देणाऱ्याचें मात्र कोणीं लिहिलें नाहीं.