वस्तुमान एकच, द्रव्ये तीन

‘गॅस क्रोमॅटोग्राफला (जीसी) मास स्पेक्ट्रोमीटर (एमएस) जोडलेला असला की द्रव्ये वेगळी करणारा कॉलम कोणताही चालतो,’ हे मत प्रयोगशाळांत रुळले आहे. पूर्वपक्ष पोकळ नाही. ६२४ जातीच्या कॉलमवर सिस-१,२-डायक्लोरोइथीन आणि २,२-डायक्लोरोप्रोपेन जवळजवळ एकदमच बाहेर पडतात. तरी ९६ आणि ७७ या वस्तुमानांवरून ती ओळखू येतात. इथवर मान्य.

आता चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एखाद्या बोअरवेलचे पाणी तपासायला घ्या. उत्तरेला पेरुंगुडीचा कचरा डेपो आहे, तोही २०२२ साली रामसर यादीत आलेल्या पळ्ळीकरणै पाणथळीत. अशा जागी विचारायचा प्रश्न नुसता ‘काय आहे’ एवढा नसतो, ‘कुठून आले’ हाही असतो. प्राणवायू नसलेल्या मातीत जिवाणू ट्रायक्लोरोइथिलीन या द्रावकातला एकेक क्लोरीन काढत जातात. त्यातून मुख्यतः सिस-डायक्लोरोइथीन होते, पुढे व्हिनाइल क्लोराइड. ट्रान्स रूप आणि १,१-डायक्लोरोइथीन यांचा माग बहुधा वेगळ्या वाटेने जातो. पण तिघांचे वस्तुमान ९६, आणि तिघांचा ठळक तुकडा ६१! कॉलमने त्यांना वेगळे केले नाही, तर डिटेक्टर कितीही महाग असो, त्याला हे भावंडांतले अंतर कळणार नाही.

व्हिनाइल क्लोराइडचे दुखणे निराळे. ते उणे १३ अंशांनाच उकळते. ०.२५ मिलिमीटर व्यासाच्या, केसासारख्या नळीत आतला लेप ०.२५ मायक्रॉनचा असेल, तर ते क्षणभरही टिकत नाही. सुरुवातीच्या हवेच्या आणि बाष्पाच्या लोंढ्यात वाहून जाते. लेप १.४ मायक्रॉनचा केला की लेपात ते सुमारे साडेपाचपट काळ धरून ठेवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या सूक्ष्म मात्रेचे शिखर त्या लोंढ्यात शोधायचे कसे?

कॉलमही सर्वशक्तिमान नाही. याच ६२४ वर मेटा आणि पॅरा झायलीन एकत्रच येतात. ती वेगळी हवीत तर मेणासारख्या ध्रुवीय लेपाचा कॉलम घ्यावा लागतो. म्हणून माझा आग्रह साधा आहे: अहवालात नुसते ‘जीसी-एमएस’ लिहू नये. कॉलमची जात, लांबी, लेपाची जाडी आणि न सुटलेल्या जोड्या, हे सगळे आकड्यांशेजारीच छापावे.